लाळ, फ्लोराइड आणि चौविहार

तोंडात काय जावे याइतकाच तोंड केव्हा मिटलेले राहावे याचाही सूक्ष्म विचार जैन आचारपरंपरेने केला आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी, सूर्यास्ताबरोबर चौविहार, पर्वतिथीला एकासन वा उपवास, ओळीच्या नऊ दिवसांत आयंबिल. घड्याळ आणि पंचांग समोर ठेवून चालणारी ही शिस्त आजही असंख्य व्यापारी कुटुंबांत टिकून आहे. रात्रीचे बारा तास अन्नाचा कण तोंडात न जाणे ही दातांच्या दृष्टीने फार मोठी अनुकूलता आहे. असे असूनही कीड या घरांना चुकलेली नाही. पन्नाशीतल्या व्यापाऱ्याच्या दाढा, शाळकरी नातवंडांचे दुधाचे दात आणि तपस्वी आजींच्या दातांची हिरडीलगतची मुळे, तिन्ही ठिकाणी ती भेटते.

कारण शोधताना लक्ष प्रथम साखरेकडे जाते आणि ते योग्यच आहे. परंतु साखर आणि दात यांच्यामध्ये एक रक्षक रात्रंदिवस उभा असतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. तो रक्षक म्हणजे लाळ. टूथपेस्टमधील फ्लोराइडविषयी बोलताना तर लाळेचे नावही निघत नाही. फ्लोराइड म्हणजे दातांवर बसणारा एखादा कायमचा मुलामा, अशीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. फ्लोराइड मुख्यतः लाळेत राहून, लाळेच्या साहाय्याने काम करते. हे एकदा ध्यानात आले की ब्रश केव्हा करावा, नंतर चूळ भरावी की नाही आणि चौविहारापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे कशी वापरावीत, या साध्या प्रश्नांची उत्तरे बदलतात.

लाळेचा रोजमेळ

कानांखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आणि ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो लहान ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात ती मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर स्रवते. चावताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि गाढ झोपेत जवळजवळ शून्यावर येते. लाळेचा ९९ टक्के भाग पाणीच असतो. उरलेल्या एका टक्क्यात मात्र कॅल्शियम, फॉस्फेट, आम्ल शमवणारे बायकार्बोनेट आणि अनेक प्रथिने असतात.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क, हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. ते कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्याच स्फटिकांचे बनलेले असते. म्हणजे दात ज्या मालाचा बनला आहे तोच माल लाळेत सदैव विरघळलेल्या स्वरूपात साठवलेला असतो, आणि तोही इतक्या विपुल प्रमाणात की काही विशिष्ट प्रथिनांनी तो धरून ठेवला नसता तर दातांवर सतत खडेच साचत राहिले असते. दात आणि लाळ यांच्यात या खनिजांची देवघेव अखंड चालू असते. तोंडातील आम्लता वाढली की दातातून खनिज बाहेर पडते, ती शमली की लाळेतून परत येते. व्यापाऱ्याच्या भाषेत हा रोजमेळ आहे. दिवसाअखेर जमेची बाजू भारी राहिली तर दात शाबूत राहतो. महिनोन्‌महिने नावेच वाढत गेले, तर प्रथम दातावर खडूसारखा पांढुरका डाग दिसतो आणि पुढे तिथेच खड्डा पडतो.

नावे कशी पडते, हे अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष मोजून दाखवले. दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, राहणारे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर अवघ्या काही मिनिटांत तिथला सामू सातच्या आसपासून ५.५ च्या खाली घसरतो. हीच ती पातळी, जिच्याखाली दंतवल्क विरघळू लागते. त्यानंतर लाळ आपले काम सुरू करते. परंतु सामू पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो.

आता पेढीवरचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळचा गोड चहा, अकराला आलेल्या ग्राहकाबरोबर अर्धा कप, दुपारी जेवणानंतर मुखवासातील साखर लावलेली बडीशेप, तीनला दलाल आला की पुन्हा चहा, सोबत बिस्किट, मधूनमधून गल्ल्याजवळच्या वाटीतील खडीसाखर. यातील एकही वस्तू मोठी नाही. पण प्रत्येक खेपेला तो अर्धा-एक तास नव्याने सुरू होतो. अशा आठ खेपा झाल्या की दात दिवसातील चार ते आठ तास आम्लात उभा असतो आणि लाळेला परतफेडीसाठी सवडच मिळत नाही. एखाद्या लग्नाच्या पंगतीत एका बैठकीत खाल्लेल्या चार लाडवांपेक्षा ही दिवसभराची चिमूटचिमूट दातांना अधिक महाग पडते.

पेस्टमधून लाळेत

फ्लोराइड या हिशेबात शिरते ते परतफेडीच्या बाजूने. आम्लाने झिजलेल्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर फ्लोराइडचे कण चिकटतात, लाळेतील कॅल्शियमला ओढून घेतात आणि त्याच्यामागोमाग फॉस्फेट येते. अशा रीतीने पुन्हा जमणारा थर मूळ थरापेक्षा अधिक चिवट असतो. मूळ दंतवल्क ५.५ सामूला विरघळू लागते, तर फ्लोराइडयुक्त स्फटिक साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. शिवाय आम्लाचा हल्ला चालू असताना फ्लोराइड तिथे हजर असेल, तर मुळात विरघळणेच कमी होते. यासाठी फार मोठे प्रमाण लागत नाही. दाताभोवतीच्या द्रवात दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी फ्लोराइड असले तरी फरक पडतो. अट एकच, ते सतत हजर असले पाहिजे.

पूर्वी शास्त्रज्ञांचीही समजूत निराळी होती. दात हिरडीच्या आत घडत असतानाच फ्लोराइड त्यात मुरले की तो जन्मभर बळकट राहतो, असे मानले जाई. १९८० च्या दशकात हे मत मागे पडले. त्या बदलाला पुष्टी देणारा एक पुरावा विलक्षण आहे. शार्क माशाच्या दातांचे कवच जवळजवळ संपूर्णतः फ्लोराइडयुक्त स्फटिकांचे असते. जुनी समजूत खरी असती, तर ते कवच किडीला पूर्ण अभेद्य ठरायला हवे होते. नॉर्वे आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या कवचाचे बारीक तुकडे माणसाच्या तोंडात बसवले, तेव्हा तेही झिजलेले आढळले. प्रयोगाचे साधन अहिंसेच्या दृष्टीने रुचणारे नाही, हे खरे. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. दातात बंदिस्त झालेल्या फ्लोराइडपेक्षा दाताबाहेर लाळेत मोकळे असलेले फ्लोराइड अधिक कामाचे ठरते.

म्हणूनच ब्रश केल्यानंतरच्या काही मिनिटांना इतके महत्त्व आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. १००० पीपीएम म्हणजे एक किलो पेस्टमध्ये एक ग्रॅम फ्लोराइड. निवांत अवस्थेत लाळेतील फ्लोराइड एका पीपीएमच्या काही शतांश भागांइतकेच असते. ब्रश करताना ते एकदम कित्येक शेकडो पटींनी वाढते, पहिल्या तासाभरात झपाट्याने उतरते आणि नंतर मूळ पातळीपेक्षा किंचित वर असे काही तास रेंगाळते. हे रेंगाळणे हाच खरा लाभ. दातांवर, जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूस आणि प्लाकच्या थरात कॅल्शियम फ्लोराइडसारख्या अतिसूक्ष्म कणांची अनामत साठते. आम्लता वाढली की त्या अनामतीतून फ्लोराइड सुटते, म्हणजे नेमके गरज पडेल तेव्हा.

ही अनामत बहुतेक जण तयार होताक्षणीच मोरीत वाहून टाकतात. ब्रश झाला की तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरायच्या, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. राखुंडी किंवा दातवण वापरत असताना ती योग्यच होती, कारण तोंडात उरलेला चुरा काढणे आवश्यक होते. पेस्टच्या बाबतीत तीच सवय नुकसानीची ठरते. फेस नीट थुंकून टाकावा आणि चूळ भरू नये, असे दंतवैद्य आता सांगतात. ज्यांना तोंड फेसाळ राहिलेले सोसवत नाही, त्यांनी एखादा घोटभर पाणी फिरवून टाकावे आणि पुढचा अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. इतका छोटा बदल. त्याला पैसा लागत नाही आणि वेळही वाचतो.

एका बारकाव्याची नोंद इथे घ्यायला हवी. भारतातील पुष्कळशा पांढऱ्या पेस्टमध्ये घासण्यासाठी खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, पूड असते. साधे सोडियम फ्लोराइड या पुडीतील कॅल्शियमशी बांधले जाऊन निकामी होते. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. त्यात फ्लोराइड फॉस्फेटशी जखडलेले असते आणि ती गाठ सोडवण्याचे काम करतात लाळेतील व प्लाकमधील विकरे. म्हणजे पेस्टमधील औषध मोकळे करण्याची किल्लीसुद्धा तोंडातच आहे.

लाभ किती? मुले आणि किशोर यांच्यावरील अनेक देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. ४२ हजारांहून अधिक मुलांच्या त्या माहितीनुसार फ्लोराइडयुक्त पेस्टने कायमच्या दातांतील किडीची वाढ सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. चौथाई हिस्सा. हा चमत्कार नव्हे. पण रोज करावयाच्याच एका कृतीतून चौथाई तोटा वाचत असेल, तर कोणता व्यापारी त्याकडे पाठ फिरवील? खड्डा एकदा पडल्यावर मात्र कोणतीही पेस्ट तो बुजवू शकत नाही. तिथे दंतवैद्यच लागतो.

सूर्यास्तापूर्वीची पंधरा मिनिटे

रात्रीच्या झोपेत लाळ आटते, हे वर आलेच आहे. रात्री उशिरा गोड खाऊन तसेच झोपणाऱ्याच्या तोंडात आम्ल शमवणारे कोणी जागे नसते. चौविहार करणाऱ्याचा हा धोका टळतो, निदान टळायला हवा. प्रत्यक्षात काय घडते?

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ती बाजाराची ऐन वेळ. दुकान मुलाकडे वा गुमास्त्याकडे सोपवून घरचा कर्ता घाईघाईने घरी येतो, घड्याळाकडे डोळे लावून जेवतो, शेवटच्या दोन मिनिटांत एखादा गोड तुकडा किंवा मुखवास तोंडात टाकतो, पाणी पितो आणि पच्चक्खाण घेतो. दाढांच्या फटींत पोळी आणि शेवेचा चिकटा तसाच राहतो. पच्चक्खाणानंतर पाणीही वर्ज्य असल्याने तो निघण्याचा मार्ग नसतो. पुढचे बारा-तेरा तास, त्यातील सात-आठ झोपेचे, ते अन्न तिथेच राहते. आरोग्याला इतके अनुकूल असे व्रत केवळ घाईमुळे दातांपुरते निष्फळ ठरते. पेस्ट रात्री झोपताना लावायची असते, असे मुलांच्या पुस्तकात लिहिलेले असते. चौविहारी घरात त्यावेळी ब्रश करता येत नाही, म्हणून मग संध्याकाळचा ब्रशच दिनक्रमातून गळून पडतो. अनेक घरांत दिवसाला एकच ब्रश होतो, तोही सकाळी, म्हणजे रात्रभराचे नुकसान होऊन गेल्यावर.

उपाय दिनदर्शिकेतच आहे. जेवण सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी न संपवता पंचवीस मिनिटे आधी संपवावे. थाळी धुऊन पिण्याची जी जुनी चाल आहे तिच्याबरोबरच तोंडही पाण्याने नीट फिरवून ते पाणी पिऊन टाकावे, म्हणजे अन्नकण उरत नाहीत. मग फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे ब्रश करावा, फेस थुंकावा आणि पंधरा मिनिटांनी पच्चक्खाण घ्यावे. तोंडात पेस्टची चव ठेवून व्रत घेणे ज्यांना प्रशस्त वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने ही पंधरा मिनिटे मोलाची आहेत. त्या अवधीत लाळ पेस्टचा बराचसा अंश धुऊन नेते, शेवटी हवे तर एक घोट पाणी पिता येते. आणि दातांवर साठलेली अनामत मात्र मागे उरते. यानंतर रात्रभर काहीच खायचे-प्यायचे नसल्याने ती खर्चही फारशी होत नाही. रात्री उशिरा दूध पिऊन झोपणाऱ्या शेजाऱ्याला ही सोय नाही.

सकाळचा ब्रश नवकारसीची वेळ झाल्यावर, चहापूर्वी करावा. पेस्ट तोंडात घेणे कोणत्या पच्चक्खाणात चालते आणि कोणत्यात नाही, याविषयी संप्रदायानुसार मते भिन्न आहेत आणि तो निर्णय ज्या-त्या कुटुंबाने आपल्या गुरुभगवंतांना विचारूनच करावा. दंतशास्त्राचा त्यात आग्रह इतकाच की ज्या वेळी परवानगी आहे ती वेळ वाया जाऊ नये.

उपवासाच्या दिवशी पेस्ट वापरली नाही तर दात किडतील, अशी भीती काही तरुण तपस्वी व्यक्त करतात. ती अनाठायी आहे. अन्न नाही, साखर नाही, म्हणून आम्लही फारसे नाही. चावणे नसल्याने लाळ कमी होते आणि तोंड कोरडे पडते हे खरे, पण त्या दिवशी दातांच्या खात्यावर नावेही जवळपास पडत नाही. खरी कसोटी असते पारण्याची. अठ्ठाई वा मासखमण करणाऱ्याच्या पारण्याला सगळे नातलग जमतात, प्रत्येक जण हाताने एकेक चमचा साकरेचे पाणी, राब किंवा शिरा भरवतो, पुढचे दोन दिवस भेटायला येणाऱ्यांचा ओघ चालू असतो आणि प्रत्येक भेटीत काही ना काही गोड पुढे येते. कित्येक दिवस मंदावलेल्या लाळेवर हा भार एकाएकी पडतो. प्रेमाचे हे चमचे नाकारावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु पारण्याच्या दिवशी अनुमत वेळ झाल्यावर प्रथम पेस्टने दात घासले, तर साखर येण्यापूर्वी फ्लोराइड पहाऱ्यावर उभे राहते. भरवण्याचा सोहळा अर्ध्या तासात आटोपता आला, तर आणखी उत्तम. वर्षीतप करणाऱ्यांना एकाआड एक दिवस असे वर्षभराहून अधिक काळ करावयाचे असते. त्यांनी जेवणाच्या दिवशीचे दोन्ही ब्रश चुकवू नयेत. अक्षय तृतीयेच्या इक्षुरसानंतर साधे पाणी प्यावे, एवढे पुरे.

आयंबिलाविषयी एक गैरसमज आढळतो. तूप, तेल, साखर नाही म्हणजे दातांना धोका नाही, असे मानले जाते. साखर नसल्याने धोका कमी असतो हे खरे. तरी शिजवलेले पीठ दाढांच्या खळग्यांत चिकटून बसते आणि लाळेतील विकरे त्याच्या पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. आयंबिलानंतर तोंड स्वच्छ करणे तितकेच आवश्यक आहे.

साधूंचे उदाहरण या संदर्भात हमखास निघते. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे, श्वेतांबर श्रमणाचारातही दंतधावनाला स्थान नाही. मग गृहस्थाला दोन वेळा पेस्ट कशाला? इथे एक गोष्ट विसरली जाते. त्याच २८ गुणांत एकभक्त आहे, म्हणजे दिवसातून एकदाच आहार, आणि पाणीही त्याच वेळी. दिवसभरात दातांवर आम्लाचा एकच प्रसंग येतो आणि पुढचे तेवीस तास लाळेला मोकळे मिळतात. दोन्ही नियम एकमेकांना धरून आहेत. चहाच्या आठ खेपा करणाऱ्या गृहस्थाने त्यातील अदंतधावन तेवढे उचलणे म्हणजे करारातील एकच कलम पाळण्यासारखे आहे.

डाग, पाणी आणि भीती

फ्लोराइड विषारी असते, असे संदेश कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून फिरतात. त्यांत सत्याचा अंश आहे आणि तो मारवाडातून आलेल्या कुटुंबांना कोणी शिकवायला नको. नागौर, जालोर, पाली या भागांतील विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण कित्येक गावी जास्त आहे. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात ते यामुळेच. बालपणी, दात घडत असताना, असे पाणी पोटात गेले की दंतवल्क डागाळते. प्रमाण फार असेल आणि वर्षानुवर्षे चालू राहिले, तर हाडे ताठरतात, पाठ वाकते. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत ही समस्या आहे. भारतात या विकाराची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात झाली.

गंमत अशी की, फ्लोराइडचा उपयोग कळला तो याच डागांमुळे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली आलेले तरुण दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या लोकांचे दात तपकिरी पण किडीला आश्चर्यकारक दाद न देणारे दिसले. त्यांनी तीस वर्षे कारणाचा पाठपुरावा केला. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाणी तपासून फ्लोराइडचे नाव निश्चित केले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी डाग पडू न देता कीड रोखणारे प्रमाण शोधले, ते लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम निघाले. फ्लोराइडयुक्त पेस्ट बाजारात रुळली ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

प्रश्न मात्रेचा आहे आणि मार्गाचाही. पाण्यातले फ्लोराइड रोज लिटरांच्या मापाने पोटात जाते. पेस्टमधले थुंकले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. गावाकडे बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. इथे जैन घरांसाठी एक विशेष सूचना आहे. पाणी उकळून पिण्याची शिस्त जंतुसंसर्गापासून उत्तम रक्षण करते, पण उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून पाणी आटते आणि त्याचे प्रमाण थोडे वाढते. गाळण्याच्या वस्त्रानेही ते अडत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. घरगुती आरओ यंत्रही ते बऱ्याच अंशी काढते.

लहान मुले पेस्ट गिळतात, म्हणून त्यांच्याबाबत मात्रा सांभाळावी लागते. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली लाटेसारखी पेस्ट दिसते, ती विक्रीसाठी. सहा वर्षांखालील मुलाचा ब्रश मोठ्या माणसाने स्वतः उभे राहून करून घ्यावा आणि फळांच्या चवीची पेस्ट मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावी लहानग्यांसाठी कोणती पेस्ट वापरावी, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे.

घरातील वृद्धांकडे याहून अधिक लक्ष हवे. रक्तदाबाची काही औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेची व नैराश्यावरील औषधे लाळ कमी करतात. मधुमेहातही तोंड कोरडे पडते. हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडलेली असतात आणि मुळांचे आवरण दंतवल्काहून पुष्कळ नाजूक, ते सहाच्या वरच्या सामूलाच विरघळू लागते. चौविहार करणाऱ्या आजी-आजोबांना रात्री पाण्याचा घोटही घेता येत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा तो ब्रश सोयीचा प्रश्न राहत नाही, उरलेले दात वाचवण्याचा ठरतो. कोरडेपणा कमी करण्यासाठी तोंडात सतत खडीसाखर किंवा गोड गोळी ठेवण्याची सवय मात्र ताबडतोब सोडवावी.

अहिंसेच्या अंगानेही प्रश्न विचारला जातो. फ्लोराइड जिवाणूंची आम्ल बनवण्याची गती थोडी मंदावते, परंतु त्याचे मुख्य कार्य जंतू मारण्याचे नाही. ते दाताची झीज भरून काढण्याचे आहे. तीव्र जंतुनाशक माउथवॉश ही वेगळी वस्तू. फ्लोराइड स्वतः खनिजजन्य आहे. शंका घ्यायचीच तर पेस्टमधील ग्लिसरीनविषयी घ्यावी, कारण ते वनस्पतिजन्य असते तसेच प्राणिजन्यही असू शकते. अनेक कंपन्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण छापतात. ती नसेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारणा करून उत्तर मिळवावे.

शेवटी वेष्टनाविषयी, कारण या घरांतील कित्येक जण पेस्ट केवळ वापरत नाहीत, विकतातही. फ्लोराइडयुक्त पेस्टच्या नळीवर आणि खोक्यावर फ्लोराइडचे प्रमाण पीपीएममध्ये आणि वापराची अंतिम तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आयुर्वेदिक वा वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. लवंग, कडुनिंब, मीठ यांची नावे मोठ्या अक्षरांत दिसतात, पण पीपीएमचा आकडा सापडत नाही. असा आकडा नसेल, तर त्या पेस्टमधून वर वर्णिलेला लाभ मिळेल असे धरून चालू नये. तारखेचेही कारण आहे. विशेषतः खडूच्या पुडीच्या पेस्टमध्ये काळ लोटेल तसे फ्लोराइड हळूहळू कॅल्शियमशी बांधले जाते, उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात तर अधिकच वेगाने. नळी भरलेली दिसते, फेस तसाच येतो, चवही तीच; कामाचे फ्लोराइड मात्र घटलेले असते. म्हणून फळीवर मागे राहिलेला जुना माल पुढे आणून आधी खपवण्याची जी पद्धत आहे, ती पेस्टच्या बाबतीत तारीख पाहूनच पाळावी, आणि मुदत संपलेली नळी सवलतीत विकण्याऐवजी वितरकाकडे परत पाठवावी.